गच्चीवरून दिसणारा गुमतारा आणि आमचा चुकलेला रविवार

हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. ट्रेनमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी, आणि 'ऐकायला वेळ नाही रे, लिहून टाक ना' असं म्हणणाऱ्यांसाठी. बोलताना आलेले माझे 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे बघ' बरेचसे गाळलेत. सगळे गाळले असते तर भाग अर्धाच उरला असता.

आजचा विषय घराजवळचे डोंगर. मी भिवंडीचा. भिवंडी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, पॉवरलूमची खटखट आणि गोदामं. तुम्ही ऑनलाइन मागवलेलं पार्सल 'भिवंडी हबमध्ये पोहोचलं' असं ॲपमध्ये दिसतं ना, तेच आमचं गाव. त्यात तिसरी गोष्ट कल्याण नाक्याचं ट्रॅफिक. पण पाऊस संपल्यावर, हवा धुऊन निघालेली असते तेव्हा, आमच्या गच्चीवर सकाळी सहाला उभं राहिलं की उत्तरेला एक लांबलचक डोंगर दिसतो. तो गुमतारा. काही लोक त्याला घोटवडा म्हणतात, काही दुगाडचा किल्ला. मी लहानपणापासून बघतोय. पतंग उडवताना मागे तोच.

आणि मजा अशी की बीटेक होईपर्यंत मी राजगड केला, हरिश्चंद्रगड केला, कळसूबाई दोनदा केलं, पण गुमताऱ्यावर गेलो नव्हतो. का? कारण तो 'इथलाच' होता. कधीही जाऊ. बाईकवर तासाभराच्या आत पायथा. उंची दोन हजार फुटांच्याही आत. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ते केलेल्या माणसाला गुमतारा म्हणजे काय, नाश्त्यानंतरचा फेरफटका.

तर या भागात तो फेरफटका कसा झाला ते सांगतो आणि मग त्यामागचं गणित. गणित म्हणजे खरंच गणित, घाबरू नका, सोपं आहे.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. शनिवारी रात्री उशिरापर्यंत ऑफिसचं रिलीज होतं. झोपलो दोनला. आम्ही तिघं, शाळेपासूनचे मित्र. ठरलं होतं सकाळी सहाला निघायचं. उठलो साडेसातला. एकाच्या बाईकचं पंक्चर. मग मिसळ. मिसळीनंतर चहा. भिवंडी-वाडा रस्त्याने दुगाड फाट्याला वळून गावात पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. एका घराच्या अंगणात बाईक लावल्या. ओट्यावर एक मामा बसले होते, साठीच्या पुढचे. त्यांनी विचारलं, "पानी किती घेतलाव?"

मी म्हटलं, "मामा, आहे की. प्रत्येकी एक बाटली."

ते काही बोलले नाहीत. नुसतं आमच्याकडे आणि मग वर उन्हाकडे पाहिलं. एवढं वाक्य समजायला मला नंतर सहा तास लागले.

चढताना काही विशेष झालं नाही. दमलो, पण बरं वाटलं. जंगल दाट आहे, पावसाळ्यानंतर कारवी आणि गवत डोक्याच्या वर. गुमताऱ्याची एक ख्याती आहे, ती मी आधी वाचलीही होती: वाटा फार फसव्या आहेत. गुरं चरायला जातात त्यांच्या ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, बांबू तोडणाऱ्यांच्या वाटा, आणि या सगळ्यांत एक गडाची. चढताना हे जाणवत नाही, कारण चढताना सगळ्या वाटा वरच जातात. वर शेवटी जागा कमी असते. दहा वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. उतरताना उलटं. तीच एक वाट दहा ठिकाणी फुटते आणि त्यातल्या नऊ तुमच्या बाईकपाशी जात नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर चढताना तुम्ही झाडाच्या फांदीवरून मुळाकडे चाललेला असता, उतरताना मुळाकडून फांद्यांकडे. चुकायची सगळी संधी उतरताना.

वर पोहोचलो दीडला. कातळात खोदलेली पाण्याची टाकी, ढासळलेली तटबंदी, आणि चहूबाजूंना डोंगर. पश्चिमेला कामणदुर्ग, पूर्वेला लांब माहुलीचे सुळके. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १७८० मध्ये याच दुगाडच्या परिसरात मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांनी वसईला वेढा घातला होता, तो उठवायला मराठी फौज आली होती आणि तिला अडवायला कर्नल हार्टली इथे ठाण मांडून बसला होता. मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश यांनी सकाळच्या दाट धुक्याचा आडोसा घेऊन हल्ला चढवला. धुकं अचानक विरलं, फौज उघडी पडली आणि रामचंद्र गणेश मारले गेले. वसईही त्याच सुमारास पडली. आम्ही शाळेत पानिपत शिकलो, पण घरापासून तासाभरावर झालेली ही लढाई मला पंचविसाव्या वर्षी कळली. आणि तीही मोबाईलवर, जेवताना.

असो. वर पाऊण तास काढला. फोटो, रील, परत फोटो. पाणी संपत आलेलं. टाक्यातलं पाणी हिरवं दिसत होतं, घ्यायची हिंमत झाली नाही. सव्वादोनला उतरायला लागलो. तीनच्या सुमारास लक्षात आलं की ही वाट आपण येताना पाहिलेली नाही. बांबूचं बेट होतं, ते येताना नव्हतं. आता सगळ्यांत महत्त्वाचा क्षण. मागे फिरलो असतो तर वीस मिनिटं चढ होता. कुणालाच तो चढ नको होता. तिघांपैकी एक म्हणाला (तो मीच), "अरे, खाली ओढा दिसतोय. पाणी कुठे जाणार? गावाकडेच ना? ओढ्याने उतरू."

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. सह्याद्रीत वाट चुकलेले कितीतरी लोक नेमकं हेच म्हणतात.

का, ते सांगतो. आपले डोंगर बाकीच्या डोंगरांसारखे नाहीत. हे लाव्हारसाचे थर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. चपात्यांची चवड कल्पून बघा. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट, कडक. वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, तो लवकर झिजतो. म्हणजे चवडीत एक कडक, एक मऊ, एक कडक, एक मऊ. मऊ भागाचा झिजून उतार होतो, कडक भागाचा सरळ कडा राहतो. म्हणून आपला कुठलाही डोंगर लांबून पाहिला की जिन्यासारखा दिसतो. एक पायरी उभी, एक आडवी. पुढच्या वेळी गच्चीवरून किंवा ट्रेनमधून बघा, रेघा मोजता येतील.

आता या जिन्यावरून पाणी उतरणार. पाण्याला काय, पायरी आली की ते उडी मारतं. पावसाळ्यात त्याला आपण धबधबा म्हणतो आणि बाजूला उभं राहून सेल्फी काढतो. ऑक्टोबरनंतर पाणी आटतं, उरतो तो कोरडा कडा. तुम्ही ओढ्यातून उतरत असता, अर्धा तास सगळं छान, मोठमोठे धोंडे, सावली. मग ओढा अचानक संपतो. तीस-चाळीस फूट खाली पुन्हा सुरू होतो. आणि मागे वळून पाहिलं तर ज्या दोन-तीन कातळांवरून तुम्ही घसरत, बसत, उडी मारत उतरलात, ते आता चढता येत नाहीत. वर जाता येत नाही, खाली जाता येत नाही. अडकून बसलेल्या लोकांच्या सुटकेच्या बातम्या तुम्ही वाचता ना, त्यांत पुष्कळदा हीच जागा असते.

आमचा ओढा साडेतीनला संपला. मी पुढे होतो. कारवीच्या फांद्या बाजूला केल्या आणि समोर झाडांचे शेंडे दिसले. शेंडे. म्हणजे झाडं पायाखाली होती.

तिथे आम्ही बसलो. आमच्यातला एक जण, जो सगळ्यांत फिट, रोज जिमला जाणारा, तो मघापासून गप्प होता. त्याच्या पिंडऱ्यांना गोळे येत होते. मग त्याला उलटी झाली. पाणी तिघांत मिळून अर्धी बाटली. ऊन असं की पान हलत नव्हतं. फोन बघितला, माझ्यात ११ टक्के, कारण दिवसभर रील. दुसऱ्याचा बंद. रेंज एक काडी, मधेच जात होती.

भीती कशी वाटते ते मला पहिल्यांदा नीट कळलं. हरिश्चंद्रगडावर नाही वाटली, कारण तिथे आम्ही तयारीने गेलो होतो, सोबत अनुभवी माणसं होती. इथे मला दरीच्या पलीकडे वाडा रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. ऐकू येत होते आणि तिथे जाता येत नव्हतं.

आम्ही एक गोष्ट बरोबर केली, तीही नाइलाजाने. कड्यावरून उतरायचा प्रयत्न केला नाही. मित्राला सावलीत तासभर झोपवलं, त्याचा शर्ट उरलेल्या पाण्यात भिजवून मानेला-काखेत लावला, घोटघोट पाणी दिलं. ऊन कलल्यावर आलो त्याच ओढ्यातून वर चढायला लागलो, एकमेकांना खांदा देत. बांबूच्या बेटापर्यंत यायला सहा वाजले. अंधार पडायला लागला आणि तेव्हाच वरून बॅटरीचा उजेड आला. सकाळचे मामा. सोबत त्यांचा पुतण्या. संध्याकाळ झाली तरी अंगणात बाईक उभ्याच, म्हणून ते स्वतः निघाले होते. एक शब्द रागावले नाहीत. पाच लिटरचा कॅन खाली ठेवला आणि म्हणाले, "आदी बसा. हलू हलू प्या."

गावात पोहोचलो पावणेनऊला. घरी आईचे ३२ मिस्ड कॉल.

आता गणित. हे मी त्या रात्रीनंतर शिकलो, म्हणजे उशिराच.

पहिलं वेळेचं. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने साधा ठोकताळा मांडला: सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात पाच किलोमीटरला एक तास, अधिक सहाशे मीटर चढाला एक तास. (योगायोग म्हणजे आपल्या शेजारचं तानसा धरणही १८९२ सालचंच.) समजा गडाची वाट चार किलोमीटर आणि चढ पाचशे मीटर. चार किलोमीटरची ४८ मिनिटं, चढाची ५०. एकूण पावणेदोन तासांच्या आत. पण नेस्मिथचा ठोकताळा थंड हवेत, न थांबता चालणाऱ्या दणकट माणसासाठी. कोकणपट्टीच्या ऑक्टोबरमध्ये, मिसळ खाऊन, साडेपाच तास झोपलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरसाठी मी त्याला सरळ पावणेदोनने गुणतो. झाले तीन तास. आम्हाला चढायला नेमके तेवढेच लागले होते! उतरायला तेवढेच धरा, कारण दाट जंगलात उतरताना वेळ वाट शोधण्यात जातो. वर एक तास. झाले सात. ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत झाडाखाली त्याच्या अर्धा तास आधीच अंधारतं. पावणेसहातून सात तास वजा करा: पावणेअकरा. म्हणजे साडेदहाला निघालेल्या आमच्या हातात चुकायला फक्त पंधरा मिनिटं होती. पंधरा! हे गणित मी मिसळ खाताना पेपर नॅपकिनवर करू शकलो असतो.

म्हणून आता आम्ही परतीची वेळ ठरवतो. घड्याळात साडेदहा झाले की जिथे असू तिथून मागे. समोर माथा पाच मिनिटांवर दिसत असला तरी. हे बोलायला सोपं आहे, करायला महाकठीण, आणि म्हणूनच ते खाली, पायथ्याला ठरवावं लागतं. वर गेल्यावर डोकं वकिली करायला लागतं.

दुसरं पाण्याचं. इथे बरेच जण म्हणतात, 'मी तर लडाखला एक लिटरवर सहा तास चाललो.' चालला असशील बाबा. तिथली हवा कोरडी. शरीर थंड होतं ते घाम आल्यामुळे नाही, घाम वाळल्यामुळे. आपल्याकडे हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणजे पाणी जातं, मीठ जातं आणि थंडावा मिळत नाही. तिहेरी तोटा. एका माणसाला दिवसाला निदान तीन लिटर, ऑक्टोबर किंवा मार्चनंतर चार. सोबत ओआरएसची पाकिटं, जी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. नसतील तर घरचं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. एनर्जी ड्रिंक नको, त्यात साखर जास्त आणि मीठ नावाला.

आणि लक्षणं ओळखायला शिका, कारण ती फिट माणसाला आधी गाठू शकतात. फिट माणूस थांबत नाही ना! डोकं दुखणं, मळमळ, गोळे, दरदरून घाम, ही पहिली पायरी. इथे सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी दिलं की माणूस सावरतो. पण तो असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात. तिथे एक मिनिट घालवायचं नाही. असेल नसेल ते पाणी अंगावर, वारा घालायचा आणि मदतीसाठी फोन. नीट शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आमचा मित्र पहिल्या पायरीवर थांबला, हे आमचं नशीब. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं.

तिसरं फोन. हे माझ्या धंद्यातलं, त्यामुळे मला जास्त लाज वाटते. बऱ्याच जणांना वाटतं रेंज गेली की लोकेशन गेलं. नाही. जीपीएस फक्त ऐकतं. उपग्रह वरून वेळेचे सिग्नल पाठवत असतात, फोन ते ऐकून आपण कुठे आहोत ते काढतो. सिम लागत नाही, नेट लागत नाही. बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही चालतं. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. म्हणून घरी वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, शक्यतो उंचीच्या रेषांचा. त्या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या, तिथे कडा. आमच्या ओढ्यावर त्या रेषा एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात, मी नंतर पाहिलं.

पण सगळ्यांत कामाची गोष्ट दुसरीच. पायथ्याला उतरल्याबरोबर ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करा. वरून येताना दुसऱ्या कुणाचा नाही, तुमचाच सकाळचा माग स्क्रीनवर असतो. त्यावरून तीस पावलं जरी बाजूला गेलात तरी कळतं. दाट झाडीत आणि कड्यालगत लोकेशन वीस-तीस मीटर इकडेतिकडे दाखवतं, ते धरून चाला. बॅटरी पुष्कळ खातं ते रेंज शोधणं, म्हणून रेंज नसेल तिथे फ्लाइट मोड. रील दुसऱ्याच्या फोनवर. पॉवरबँक पिशवीत तळाला नको, वर.

मदत लागलीच तर ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर हा कॉल लागू शकतो. आणि महाराष्ट्रात डोंगरातल्या अपघातांसाठी गिर्यारोहकांनीच उभं केलेलं एक जाळं आहे, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. यातली माणसं नोकरी-धंदा सांभाळून, रात्री-बेरात्री दोर घेऊन निघतात. त्यांची हेल्पलाइन निघण्याआधी शोधून फोनमध्ये ठेवा. पण लक्षात घ्या, कुणीही आलं तरी काही तास लागतात. तोवर तुम्ही जिथे सांगितलं तिथेच थांबलेले असायला हवेत.

चौथं म्हणजे आई. हसू नका. सर्व्हरला आपण टाइमआउट देतो ना, इतक्या वेळात उत्तर आलं नाही तर पुढचं पाऊल उचल. घरी तसा टाइमआउट द्यायचा. आता मी निघताना व्हॉट्सॲपवर आईला चार ओळी पाठवतो: कुठला डोंगर, कुठल्या गावातून, गावातल्या कुणाचा नंबर, आणि 'सातपर्यंत फोन आला नाही तर आधी या नंबरला, मग ११२'. आधी ती म्हणायची, "हे वाचून मला जास्तच काळजी वाटते." आता म्हणते, "सात म्हणजे सात हं." त्या दिवशी तिला एवढंच माहीत होतं की पोरगं 'इकडेच कुठेतरी' गेलंय. ३२ कॉल करूनही ती कुणाला सांगणार काय होती, कुठे शोधा म्हणून?

बरं, हे सगळं ऐकून तुम्ही घरी बसू नका हं! माझा मुद्दा उलटा आहे. लोणावळ्याला जाऊन ट्रॅफिकमध्ये चार तास बसण्यापेक्षा आपल्या आजूबाजूला इतकं काही आहे की वर्षभराचे रविवार पुरणार नाहीत. फक्त त्याला 'इथलंच' म्हणून हिणवू नका.

डिसेंबर-जानेवारीत माहुली करा. ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला, २८०० फुटांच्या वर. कल्याणहून कसारा लोकल, आसनगावला उतरा, तिथून पाचेक किलोमीटरवर माहुली गाव. भिवंडीकर नाशिक हायवेने बाईकवर जातात. १६३६ साली निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांत शहाजीराजे याच गडावर वेढ्यात सापडले होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला. चढ खरोखर घाम काढतो, शेवटी लोखंडी शिडी आहे. हा भाग तानसा अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते. करा, चुकवू नका. ती नोंद म्हणजे आणखी एक टाइमआउट. शेजारचा वजीर सुळका मात्र दोर आणि जाणकार गट असल्याशिवाय नाही. त्यावर वेगळा भाग करू.

उन्हाळ्यात डोंगर सोडा. पहाटे पाचला सायकल काढून लोनाडला जा. डोंगराच्या पोटात लेणी आहेत, आत खांडेश्वरी देवी, आणि जवळ शिलाहारकालीन शिवमंदिर. नऊच्या आत घरी. पाय दुखत असतील तर गणेशपुरी-अकलोलीची गरम कुंडं आहेत, वज्रेश्वरीचं दर्शनही होतं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलून १७३९ च्या विजयानंतर उभं केलेलं देऊळ ते. पावसाळ्याचं एकच सांगतो: धबधब्याखाली जाण्याआधी वर बघा. वरच्या डोंगरावर काळं असेल तर खाली ऊन असून उपयोग नाही. आणि जिल्हा प्रशासनाचा मनाईचा आदेश असेल तर 'आपलं गाववाल्यांशी बोलणं झालंय' हे कारण सांगू नका, मीही सांगितलेलं आहे.

गुमताऱ्यावर आम्ही परत गेलो. त्याच वर्षी डिसेंबरात, तिघंही. सहाला दुगाडमध्ये होतो, अंधारातच. मामांनी पुतण्याला वाटाड्या म्हणून सोबत दिलं. त्याने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, आम्ही दिलेच, दिवसाची मजुरी बुडते त्याची. प्रत्येकी तीन लिटर पाणी. सव्वानऊला माथ्यावर. दरीत धुकं भरलेलं, त्यातून फक्त कामणदुर्गाचं टोक वर. दहाला उतरायला लागलो.

येताना मी त्याला विचारलं, "दादा, तो ओढा संपतो ती जागा बाजूने दिसते का?" त्याने एका आडव्या वाटेने नेऊन समोरून दाखवली. काळाकभिन्न कातळ, मधून पाण्याचा पांढरा डाग उतरलेला, आणि अगदी वर, कड्याच्या ओठावर, कारवीची झुडपं. साधारण चाळीस फूट असेल. ज्या झुडपात मी हात घातला होता ते मला ओळखता आलं नाही. तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग जिमवाल्याने सगळ्यांना ओआरएस पाजलं, कुणाला तहान नसताना.

दुपारी दीडला घरी जेवत होतो. आईने विचारलं, "झालं पण?"